कृष्णक्का काय करते?

सकाळी दार उघडलं आणि वास आला. भाजीची गाडी अजून वळणावरच होती, बाईची हाकही ऐकू आली नव्हती, पण वास पुढे चालत आला होता. अवरेकाई आली म्हणायची! आपल्याकडचा पावटा असतो ना, त्याचीच ही बंगळुरातली बहीण. पण आपल्या पावट्याला हा वास नाही. दव पडायला लागलं की ह्या शेंगांवर तेलासारखं काहीतरी चढतं, ते हाताला चिकटतं आणि साबणानंही जात नाही. इथली माणसं त्याला सोगडु म्हणतात. "सोगडु इदे अम्मा, मूसि नोडि," असं म्हणून भाजीवाली शेंग थेट नाकाला लावते. वास घेऊन बघा, म्हणते. इतकी वर्षं इथं काढली, पण सोगडुला मला मराठी शब्द सापडला नाही. सुगंध म्हणावं तर तेवढा तो गोड नाही, आणि नुसता वास म्हटलं तर शेंग रुसेल. ज्याच्या त्याच्या अंगचा जो असतो, तो सोगडु. माणसाच्या बोलण्यालाही असतो म्हणतात.

नेहमीसारखी पिशवी भरून घेतली. घरी येऊन परातीत ओतली तेव्हा आठवलं, की सोलणार कोण आणि खाणार कोण? चिन्मयी आता बोम्मसंद्राला. आणि संक्रांतीला अजित येणार आहे. मला न्यायला.

चिन्मयी म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. कॉलेजसाठी माझ्याकडे राहिली होती. आता बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात लागली, तिकडेच मैत्रिणीबरोबर खोली घेतली, रविवारी तेवढी येते. अजित माझा मुलगा, पुण्यात असतो. मन चांगलं आहे हो त्याचं. हे गेल्यापासून तो दर आठवड्याला मला न्यायचं म्हणतोय. मी चिन्मयीचं निमित्त सांगत आले. ते निमित्त संपलं तसा त्याचा फोन आला. "आई, आता तर चिन्मयीपण नाही. बनशंकरीतल्या त्या घरात तू एकटी काय करणार? संक्रांतीला येतो, तुला घेऊनच जातो. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल."

आता ह्या शब्दाचं काय सांगावं? चहा की कॉफी? काहीही चालेल. पंखा मोठा करू? चालेल. मिरजेहून बंगळूरला जायचं, तिथं आपलं कुणी नाही, भाषा येत नाही, चालेल ना? चालेल. विचारणाऱ्याला वाटतं बाईनं होकार दिला. पण चालेल म्हणजे हो नव्हे. चालेल म्हणजे, माझं सोडा, तुमचं बोला.

आणि गंमत बघा, मागच्या वर्षी ह्याच अवरेच्या दिवसांत ह्याच शब्दाबद्दल मला दंड होत होता.

रविवारी दुपारी चिन्मयीचे मित्र जमायचे. प्रज्वल हा इथलाच, मल्लेश्वरमचा. दाढीवाला, आडदांड, आणि मांजराला भिणारा. फरहीन शिवाजीनगरची, तिची दखनी ऐकत राहावी अशी. आणखी एक-दोघं येऊन-जाऊन. जेवणाच्या टेबलावर हातानं काढलेला नकाशा पसरायचा आणि खेळ मांडायचा. रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्याला, मी आपली सोंगांचा खेळ म्हणते. एकजण सूत्रधार, ती आमची चिन्मयी. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं. प्रज्वल धिप्पाड लोहार व्हायचा, फरहीन चोर. चिन्मयी सांगणार, "समोर जंगल आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतोय, तुम्ही काय करता?" की ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं. कुणी आत जातो, कुणी झाडावर चढतो, कुणी आधी डबा खातो. करायला घेतलेलं जमेल की नाही, अशी शंका आली की फासा टाकायचा. आवळ्याएवढा, निळा, वीस तोंडांचा फासा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर भोगा.

मी टेबलाच्या टोकाला अवरेचे दाणे घेऊन बसायची. भिजवलेला दाणा चिमटीत धरून दाबला की साल हातात राहते आणि आतली डाळ टुणकन उडते. हितिकिदा बेळे म्हणतात त्याला, म्हणजे दाबून काढलेली डाळ. त्याचं सांबार करायचं. एकदा माझ्या हातची डाळ उडाली ती थेट त्यांच्या नकाशावर, डोंगराच्या पायथ्याशी पडली. "अय्यो अज्जी! दरड कोसळली!" प्रज्वल ओरडला. मी उचलायला गेले तर चिन्मयीनं माझा हात धरला. "राहू दे आजी. पडली ती पडली. आता रस्ता बंद." आणि खरंच, त्या दिवशी सगळ्यांना डोंगराला वळसा घालून जावं लागलं. मला मनातून फार बरं वाटलं. माझ्या हातून उडालेल्या एका डाळीनं एवढी तरणीताठी मुलं वळसा घालत होती.

मग एका रविवारी त्यांच्यातला एक गडी सर्दीतापानं झोपला. त्याचा वैद्य रिकामा राहिला. "आजी, तू बस," चिन्मयी म्हणाली. मी म्हटलं, "चालेल."

बसले. हातात अवरे होतीच. ते नदीपाशी आले, पूर आलेला, पूल वाहून गेलेला. चिन्मयीनं एकेकाला विचारलं, मग माझ्याकडे वळली. "आजी, तू काय करतेस?"

"काही नाही. घरीच असते," मी म्हटलं.

अहो, काय हसली ती मुलं! प्रज्वलला तर ठसका लागला. मीही हसले. पण हसता हसता मला जरा विचित्र वाटलं, कारण मी विनोद केला नव्हता. लग्नकार्यात, दवाखान्यात, ह्यांच्या ऑफिसातल्या जेवणांना, शेजारी बसलेल्या बाईनं विचारायचं, "तुम्ही काय करता?" आणि मी म्हणायचं, "काही नाही, घरीच असते." उत्तर इतकं तयार की प्रश्न पुरा व्हायच्या आत बाहेर यायचं. आपल्या भाषेत नोकरी विचारायलाही तोच प्रश्न आणि ह्या घडीला काय चाललंय ते विचारायलाही तोच. मी जन्मभर तो पहिल्याच अर्थानं ऐकत आले होते.

"तसं नाही गं आजी. आत्ता. नदीसमोर. काय करतेस?"

"तुम्ही सगळे म्हणाल ते."

"नाही चालत तसं." चिन्मयी एकदम गंभीर झाली. आईसारखीच भुवई चढते तिची. "हे बघ, मी फक्त जग सांगणार. नदी कशी आहे, पाऊस आहे का, समोरचा माणूस काय बोलला. पण तुझ्या बाईनं काय करायचं, ते मी सांगायचं नसतं. कुणीच सांगायचं नसतं. तो नियमच आहे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. नियमच आहे म्हणे! आम्हाला जग कुणी सांगितलं नाही, ते आमचं आम्ही ठेचा खात शोधलं. आणि काय करायचं ते मात्र जो तो सांगत आला.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, मला तो वैद्य नको, मला माझं सोंग घेऊ द्या. चिन्मयीला एवढा आनंद झाला की तिनं नवी पेन्सिल काढली. "सांग, कोण आहेस तू?"

विचार करावा लागला नाही, ह्याचंच नवल. मिरजेजवळ कृष्णाकाठी आमचं गाव. पलीकडे जायला नाव होती. नावाडी मामा लांब बांबू पाण्यात रोवून ती ढकलायचे. मला तो बांबू हातात घ्यायचा होता, बाकी काही नाही. "पोरींनी नावेत बसायचं असतं, चालवायची नसते," असं आईनं सांगितलं आणि ते तिथंच राहिलं. "मी नावाडीण आहे," मी म्हटलं.

"सूपर! नाव काय?"

"लाकडाची. बाभळीच्या. खालून डांबर लावलेली."

"आजी! तुझं नाव! तुझ्या बाईला हाक काय मारायची?"

मग प्रज्वलला ते कन्नडमध्ये समजावून सांगावं लागलं, की मराठीत होडीला आणि माणसाच्या नावाला शब्द एकच. तो सगळ्यांच्या नंतर एकटाच हसला. "एनप्पा इदु! काय हे! मग मराठी माणूस हरवला की नाव शोधतो का नाव?"

पण नाव सुचेना. बारशाला आत्यानं कानात सांगितलं ते इंदू. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलं ते सुनंदा. दोन्ही वेळेला माझं नाव मला सगळ्यांबरोबरच कळलं. आता आपणच ठेवायचं म्हटल्यावर मी डाळ काढायची थांबले. कृष्णेची म्हणून कृष्णा, आणि इथं शेजारपाजारचे सगळे मला अक्का म्हणतात म्हणून अक्का. अर्धी तिकडची, अर्धी इकडची. "कृष्णक्का," मी म्हटलं. मुलांनी एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. बसलं बरोबर.

"आता एक उणं लिही," चिन्मयी म्हणाली.

"म्हणजे?"

"काहीतरी कमी पाहिजे तिच्यात. त्याशिवाय ती पुरी होत नाही."

घ्या! आमच्या वेळी मुलगी बघायला यायचे तेव्हा ती स्वयंपाकात हुशार, शिवणात हुशार, सगळ्यात हुशार. माझा चष्मा आईनं फडताळात लपवून ठेवला होता पाहुणे जाईपर्यंत. मी पोह्यांची बशी अंदाजानं पुढे केली ती मुलाला नाही, मध्यस्थाला. तरी लग्न झालं, ते सोडा. पण उणं लपवायचं असतं, हे तेव्हापासून पक्कं डोक्यात. आणि ही कालची पोर म्हणते, त्याशिवाय माणूस पुरा होत नाही.

"लिही," मी म्हटलं. "तिला पोहता येत नाही."

"नाव चालवते आणि पोहता येत नाही?" प्रज्वलचे डोळे मोठे झाले.

"संसाराला लागलेल्यांपैकी कुणाला पोहता येत असतं रे?"

त्याच दिवशी दंड ठरला. टेबलावर जो कोणी चालेल म्हणेल, त्यानं भिजलेल्या अवरेची एक मूठ सोलायची. बघायला गेलं तर सगळ्यांना लागू, पण दंड भरत होते एकटी मीच. शेवटी फरहीनला दया आली. "आजी, नक्को बोलना सीखो ना तुम," ती म्हणाली. आता हा नक्को म्हणजे आपलाच नको. कधी काळी मराठीतून दखनीत जाऊन बसला आणि तिथं अंगानं भरला, एक 'क' जास्त घेऊन. आमच्या घरातून गेलेला शब्द मला शिवाजीनगरच्या मुलीकडून परत शिकावा लागला.

आणि मग तो रविवार. त्यांना नदीपलीकडच्या डोंगरावर, किल्ल्यात जायचं होतं. मी त्यांना पलीकडे उतरवलं. फासा चांगला पडला, बांबू नीट रोवला गेला, मी खुशीत. तर प्रज्वलचा लोहार म्हणाला, "अज्जी, नाव बांधून टाका. चला आमच्याबरोबर. चढायला नाही जमलं तर मी खांद्यावर घेतो."

चोर झालेली फरहीन म्हणाली, "हियाँ अकेले क्या करींगे, आजी?"

चिन्मयीनं माझ्याकडे बघितलं. "कृष्णक्का, तू काय करतेस?"

खरं सांगते, मला घाम फुटला. खेळच तो, खोटी नदी, खोटी नाव. पण सगळी वाट बघत होती, प्रेमानं बोलावत होती, आणि प्रेमानं बोलावलं की मला कधी नाही म्हणता आलेलं नाही. नाही गेले तर ह्यांचा खेळ बिघडेल, असंही वाटलं. चालेल अगदी जिभेवर आला. पण मला त्या किल्ल्यात जायचं नव्हतं हो. मला नाव सोडायची नव्हती. नुकता कुठं बांबू हाताला लागला होता.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही जा. मी नावेपाशी थांबते."

माझा खेळ संपला असं धरून मी अवरेचं भांडं पुढे ओढलं. चिन्मयीनं त्यांना डोंगराची वाट सांगितली, त्यांना वर चढवलं, आणि मग वळून मला म्हणाली, "ते गेले. घाटावर तू एकटी. पाण्यावर धुकं आहे. पलीकडून कुणीतरी हाक मारतंय. तू काय करतेस?"

थांबलेल्या माणसालाही हे विचारतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग मी काय काय केलं! बकरी घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला पार केलं. सासरहून रुसून निघालेल्या एका मुलीला नदीच्या मध्यावर नेऊन सगळं विचारून घेतलं आणि तिला हव्या त्या काठावर सोडलं. "चिन्मयी, किल्ल्यात आम्ही मरायला टेकलोय आणि इथं बकरीची चौकशी चाललीय!" प्रज्वल कुरकुरला. थोड्या वेळानं तीच मंडळी, मागे शिपाई लागलेले, धापा टाकत घाटावर आली. नाव तयार होती. सगळ्यांना घेतलं, फासा टाकला, आणि पडला एवढासा आकडा. नाव उलटली. पोहता येत नव्हतंच. लोहारानं वेणीला धरून काढली म्हणून माझी बाई वाचली.

"बघा अज्जी, आमच्याबरोबर आला असतात तर बुडाला नसतात," प्रज्वल म्हणाला.

"आणि तुम्ही पळाला असतात कशातून?"

त्यावर त्यानं मुकाट्यानं एक मूठ अवरे सोलायला घेतली, दंड नसताना.

तेव्हापासून मी ह्या गोष्टी मनात घोळवत असते. ओट्याशी उभी असताना, बसच्या रांगेत. मला वाटायचं, मोकळीक म्हणजे दार उघडं मिळणं आणि बाहेर पडणं. पण ठरवून थांबणं हीही मोकळीकच की. राहून जाणं वेगळं आणि ठरवून राहणं वेगळं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून फसायला होतं. ठरवणं आपलं, पडणं फाशाचं. बुडाले तरी ते माझं बुडणं होतं. आणि आणखी एक. सोंगालाही पात्र म्हणतात आणि नदीच्या वाटेलाही पात्रच म्हणतात. नदी आपलं पात्र आधी आखून मग वाहत नाही. वाहते, अडते, वळते, आणि तेच तिचं पात्र होतं. चिन्मयीच्या कागदावर कृष्णक्काचं नाव आणि उणं लिहिलेलं होतं खरं, पण ती खरी झाली त्या घाटावर.

हे सगळं कळलं, आणि तरीही अजितला फोनवर चालेलच म्हटलं. खेळातला नको टेबलावरून उठून फोनपर्यंत येत नाही. तिथं मुलाचा दमलेला आवाज असतो.

इथवर लिहून ठेवलं होतं. मध्ये संक्रांत झाली.

अजित आला. रविवार धरून आला होता, त्यामुळे मुलंही आली, एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, खायला आणि खेळायला. मी तिळगूळ दिला, शेजारच्या सावित्रम्मांकडून एळ्ळु-बेल्लाची पुडी आली, घर भरलं. अजितनं माळ्यावरून मोठी बॅग काढली, पुसली आणि टेबलापाशी आणून ठेवली. "आई, हीच घेऊ ना?"

माझ्या हातात अवरेचा दाणा होता. नकाशा पसरलेला होता. मुलं आपापल्या कागदांत बघायला लागली, जणू तिथं काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलंय.

"अजित, बस जरा," मी म्हटलं. "मी येत नाही. मी इथंच राहणार."

"आई, फोनवर चालेल म्हणाली होतीस."

"मामा, तिचं चालेल धरायचं नसतं," चिन्मयी हळूच म्हणाली.

"तू गप गं." तो माझ्याकडे वळला. चिडला नव्हता, घाबरला होता. "पण आई, तू एकटी इथं काय करणार?"

आला. तोच प्रश्न आला. आणि मला हसू फुटलं, कारण ह्या वेळी उत्तर तयार नव्हतं, शोधावं लागलं.

"काय करते सांगू? सकाळी भाजीवालीशी भांडते. दुपारी सावित्रम्माला मराठी शिकवते आणि ती माझ्या कन्नडला हसते. रविवारी ह्या मुलांना नदी पार करून देते. आणि इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना हा खेळ शिकवायचा म्हणतेय, त्या चैत्रातल्या हळदीकुंकवापासून मागे लागल्यात. ते तुझ्या बॅगेमुळे अडलंय."

"आणि पडलीस तर?"

"पडेन. पोहता येत नाही, हे लिहूनच दिलंय मी."

मुलं फिस्सकन हसली. अजितला कळलं नाही. तो निळा फासा उचलून हातात फिरवत बसला. त्याच्या कानाशी पांढरे केस दिसले मला, अगदी ह्यांच्यासारखे. आणि वाटलं, अरे, ह्यालाही कुणी विचारलं नाही. हे गेले त्या दिवसापासून जो तो त्याला सांगतच होता, आता आईचं तू बघ. तोही बघतच होता बिचारा. घरीच असणाऱ्या माझ्यासारखाच तोही एका उत्तराला बांधला गेला होता.

"आंब्यांच्या दिवसांत येईन पुण्याला," मी म्हटलं. "पाहुणी म्हणून. तू मला न्यायला यायचं नाही, मी माझी येईन. मी काय करते ते सांगितलं. आता तुझी पाळी."

त्यानं बॅगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. गल्लीतून कुणीतरी अवरेकाई, अवरेकाई म्हणत गेलं.

"चालेल," अजित म्हणाला.

मग प्रज्वलनं, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं, भिजलेल्या अवरेचं भांडं उचललं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "अंकल, सॉरी. नियम म्हणजे नियम."

"म्हणजे काय करायचं?"

"चिमटीत धर आणि दाब," मी म्हटलं.

त्यानं दाणा धरला, जरा जास्तच जोरात दाबला, आणि डाळ टुणकन उडाली ती थेट नकाशावर, नदीच्या मधोमध. तो उचलायला वाकला. चिन्मयीनं त्याचा हात धरला.

"मामा, पाण्यात काहीतरी पडलंय. नाव हलायला लागलीय. कृष्णक्का नावेत आहे," ती म्हणाली. "तू काय करतोस?"